नसलेल्या टीव्हीची फी

प्रति,
मा. निवास व कल्याण अधिकारी,
श्री. गुरुदत्त वागळे साहेब,
कर्मचारी वसाहत कार्यालय, तळमजला,
अल हैल, मस्कत.

अर्जदार : लहू गोविंद तांबे, इलेक्ट्रिकल सुपरवायझर, कुटुंब निवास, ब्लॉक ब, दुसरा मजला.

विषय : घरात टीव्ही नसेल तर टीव्ही परवान्याची फी भरणे कायदेशीरपणे थांबवता येते की नाही, याचे एकदाचे उत्तर मिळणेबाबत, तसेच त्यापायी अडवून ठेवलेला सुट्टीचा दाखला व पासपोर्ट येत्या गुरुवारच्या विमानाआधी मिळणेबाबत.

संदर्भ : वसाहतीचे टीव्ही परवाना नियम, नियम सात; अर्जदाराचे इंग्रजीतले तीन अर्ज; आणि त्या तिन्हींवर आपण मारलेला एकच शेरा.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने या बाबतीत यापूर्वी तीन अर्ज इंग्रजीत केले असून तिन्ही 'नियम पाहा' एवढा शेरा घेऊन परत आलेले आहेत. अर्जदाराचे इंग्रजी कामापुरते आहे. त्यात वायरिंगचा रिपोर्ट लिहिता येतो, रागावता येत नाही. शिवाय एक मेच्या कार्यक्रमात आपण हातात माईक घेऊन बराच वेळ सांगितलेत की परमुलखात मराठी माणसाने मराठी माणसाशी मराठीतच बोलावे. अर्जदार तिसऱ्या रांगेत होता आणि त्याने टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांना जागून हा चौथा अर्ज मराठीत आहे. नियम पाहून झाला आहे, पाठ झाला आहे. आता आपण अर्ज पाहावा.

२. सदर फी ओमान सरकारची नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ती आपल्या कंपनीची आहे. गच्चीवर मोठी डिश बसली तेव्हा आपल्या कार्यालयाने फर्मान काढले की ज्याच्या घरात टीव्ही असेल त्याने वसाहतीचा परवाना घ्यावा, फी पगारातून कापली जाईल. भारतात टीव्हीचे आणि रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन भरायची पद्धत होती, ती केव्हाच मोडीत निघाली. आपण ती इथे वाळूत पुन्हा उभी केलीत. तरीही अर्जदाराने तोंडातून अवाक्षर काढले नाही. घरात टीव्ही होता, तो बघितला जात होता आणि फी कापली जात होती. तक्रारीला जागाच नव्हती.

३. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अर्जदाराची मुलगी मैत्री दहावीत गेली. दहावीचे वर्ष म्हटल्यावर अर्जदाराची पत्नी सौ. नंदा हिने कमरेला पदर खोचला आणि जाहीर केले की या घरात एक तर टीव्ही राहील नाही तर ती राहील. अर्जदार क्षणभर विचारात पडला, तर त्या क्षणभराबद्दल त्याला आठवडाभर बोलणी खावी लागली. असो. टीव्ही गेला. तो खालच्या मजल्यावर, एकट्या माणसांच्या खोल्यांत राहणाऱ्या पास्कल रुमाव याला देण्यात आला. विकला नाही, दिला.

पास्कल आपल्याच कंपनीतला एसी मेकॅनिक होता, वसईकडचा, भुईगावचा. आपल्या केबिनमधला एसी दर उन्हाळ्यात मान टाकायचा आणि दर उन्हाळ्यात जो येऊन तो उभा करायचा, तोच हा माणूस. आपल्याला चेहरा आठवत असेल, नाव कदाचित नसेल. चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपली की तो अर्जदाराकडे जेवायला यायचा. येताना अल मवालेहच्या बाजारातून भाजी आणायचा, पण हिशेब नसायचा. भोपळा आणला तर एवढा की नंदा पुढे चार दिवस त्याच्या नावाने खडे फोडायची. मैत्रीचे मराठी अडखळते, ते सुधारायचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले होते आणि ते पार बिघडवून ठेवले होते.

४. टीव्ही गेला, खोका मात्र ठेवला. हा मुद्दा कृपया नीट वाचावा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला आहे. आखातात राहणारा माणूस एक वेळ टीव्ही देऊन टाकील, टीव्हीचा खोका देणार नाही. जाड पुठ्ठा असतो, विमानात कसाही आपटला तरी फाटत नाही, सुट्टीला जाताना साबण, ब्लँकेटे, दुधाची पावडर सगळे त्यातूनच जाते. वसाहतीत एक पलंग असा नाही की ज्याच्याखाली खोका नाही. आपल्या स्वतःच्या गॅलरीत तीन आहेत, रस्त्यावरून दिसतात. त्यांत तीन टीव्ही आहेत असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

५. पास्कलने परवाना रीतसर आपल्या नावावर घेतला. अर्जदाराने नियम सातप्रमाणे लेखी कळवले. आपल्याच सहीचा नियम सात असे सांगतो की ज्या कुटुंबाच्या घरात टीव्ही नाही, त्याने लेखी कळवून कार्यालयाकडून पाहणी करून घ्यावी, म्हणजे फी बंद होईल. सबब, फी थांबवता येते. कायदा अर्जदाराच्या बाजूने आहे आणि तो कायदा आपणच केलेला आहे. फक्त पाहणीला कोणी फिरकलेच नाही. वर्षभर एकाच टीव्हीची फी दोन पगारांतून कापली गेली. अर्जदार चिडायचा आणि पास्कल हसायचा. तो म्हणायचा, लहूभाऊ, आता तू ये आणि वरचा अर्धा पडदा तू बघ, खालचा मी बघतो.

६. मार्चमध्ये मैत्रीची परीक्षा संपली. पास्कल टीव्ही परत आणून द्यायला निघाला होता. नंदानेच त्याला सांगितले की जूनमध्ये तुमच्या फुटबॉलचा वर्ल्डकप आहे ना, तो बघून घ्या, मग आणा. पास्कलने त्यासाठी खुर्चीला नवी गादी शिवून घेतली होती. वर्ल्डकप सुरू झाला त्याच आठवड्यात, अल मवालेहला एका शीतगृहाच्या छपरावर काम करताना पास्कल छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. बेचाळीस वर्षांचा होता. भुईगावला त्याची बायको ॲनी आहे आणि दोन मुले आहेत, डॅरेल आणि जोआन. याबद्दल अर्जदार अधिक लिहीत नाही, अर्जाच्या विषयात ते बसत नाही.

अर्जाच्या विषयात बसते ते असे. पास्कलचे पार्थिव घरी पाठवण्याची व्यवस्था आपण लगेच केलीत, त्याबद्दल आभार. तितक्याच लगेच खोली रिकामी करण्याची नोटीसही आली. आणि मेलेल्या माणसाच्या शेवटच्या हिशेबातून जूनची टीव्ही फी कापली गेली. अहो, पूर्ण महिन्याची!

७. आपल्या वसाहतीत एक रीत आहे. आपण इथे इतकी वर्षे आहात, आपल्याला माहीत असायला हवी. माणूस गेला की त्याचे सामान दोस्तांनी बांधायचे, चार माणसांसमोर बांधायचे, वरून दोरी आवळून गाठ मारायची आणि पुढच्या सुट्टीला जो मुंबईकडे जाईल त्याने ते त्याच्या घरी पोचते करायचे. गाठ वाटेत कोणी सोडायची नाही, ज्याचे सामान त्याच्या घरच्यांनीच सोडायची. अमक्याचे घड्याळ गेले, तमक्याची चेन गेली, असा शब्द मागे राहू नये म्हणून ही रीत आहे. ती केरळवाले पाळतात, पाकिस्तानवाले पाळतात, आम्हीही पाळतो. पास्कलचे सामान नंदाने आणि अर्जदाराने बांधले. त्याच्या स्वतःकडे धड खोका नव्हता, म्हणून अर्जदाराचा टीव्हीचा खोका काढला. आत काय ठेवायचे ते ॲनीने फोनवर सांगितले होते. तिने एकच गोष्ट मागितली होती. ती पुढे येईल, इथे अर्जदाराला ती लिहवत नाही.

८. वर्षभर न आलेली पाहणी नेमकी त्यानंतर आली. गेल्या सोमवारी सिक्युरिटीचा मुनीर हातात पॅड घेऊन दारात उभा राहिला. मुनीरबद्दल तक्रार नाही, त्यालाही पोट आहे. त्याने सगळे घर पाहिले. टीव्ही कुठेच नाही. मग त्याची नजर हॉलमधल्या खोक्यावर गेली. खोक्यावर टीव्हीचे हे एवढे मोठे चित्र, वर दोरी, फटी टेपने बंद आणि बाजूला मैत्रीच्या अक्षरात भुईगावचा पत्ता. मुनीर ओशाळून म्हणाला, भाईजान, दो मिनिट खोलके दिखा दो, खलास. अर्जदार नाही म्हणाला. मुनीरने त्याला बाजूला घेऊन समजावले, अर्बाब लोकांशी, म्हणजे साहेबलोकांशी, वाकड्यात शिरू नको म्हणून विनवले. अर्जदार पुन्हा नाही म्हणाला. तेव्हा त्या बिचाऱ्याने लिहून नेले की टीव्ही खोक्यात लपवलेला आढळला.

९. लगेच आपले पत्र आले. आता 'नियम पाहा' नाही, चांगले पानभर! टीव्ही लपवल्याबद्दल दंड, येत्या वर्षाची फी आगाऊ, आणि ती भरेपर्यंत सुट्टीचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे कंपनीच्या तिजोरीतला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणजे गुरुवारचे विमान नाही. येत्या रविवारी भुईगावच्या चर्चमध्ये पास्कलची महिन्याची मिस्सा आहे. ॲनी त्या खोक्याची वाट बघत बसली आहे.

म्हणून अर्जदार काल स्वतः आपल्याकडे आला. आपण कामात होतात, त्याला बाहेरच्या खोलीत बसवले गेले. तिथे टीव्ही चालू होता. आदल्या दिवशीची मॅच पुन्हा दाखवत होते आणि आपले दोन क्लार्क चहा पीत बघत होते. अर्जदाराची नजर टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथे एक पिवळे बदक आहे, अर्धे खरवडलेले. ते मैत्रीने दुसरीत असताना चिकटवले होते आणि त्यासाठी अर्जदाराच्या हातचा धपाटा खाल्ला होता. आवाजाचे बटण मोडलेले आहे, त्याच्या जागी काडीपेटीची काडी खोचलेली आहे. ती पास्कलने खोचली होती. आपला क्लार्क त्याच काडीने आवाज वाढवत होता, कारण त्याच्याकडे रिमोट नाही.

साहेब, अर्जदाराच्या घरात नसलेला टीव्ही सापडला. तो आपल्याकडे आहे. पास्कलची खोली रिकामी करताना आपल्या माणसांनी तो उचलला, कोणाला विचारले नाही, आणि आपल्या बाहेरच्या खोलीत मांडला. ज्या मॅचेस बघण्यासाठी पास्कलने गादी शिवून घेतली त्या आपल्या कार्यालयात बघितल्या जात आहेत, आणि दंड अर्जदाराला! ही कुठली रीत झाली? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आणखी वेगळे काय असते? त्या टीव्हीचा परवाना आपल्या कार्यालयाने घेतला आहे काय? घेतला असल्यास कोणाच्या नावावर? नसल्यास आपल्या कार्यालयाची पाहणी करायला मुनीरला केव्हा पाठवता?

१०. या सगळ्याचा पुरावा अर्जासोबत जोडला आहे. पास्कलची गादी उचलली तेव्हा तिच्याखाली टीव्हीचा रिमोट मिळाला. तो ॲनीच्या काही कामाचा नव्हता म्हणून नंदाने बाजूला ठेवला. सेल नवे घातले आहेत. आपण बाहेरच्या खोलीत यावे, क्लार्क लोकांना बाजूला करावे आणि लाल बटण दाबावे. समोरचा टीव्ही बंद झाला तर अर्जदाराचा टीव्ही कोणत्या खोक्यात आहे ते आपल्याला कळेल.

११. आता ती गोष्ट. काल आपण शेवटी भेटलात. अर्जदाराने वरचे सगळे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात आपण हात वर करून म्हणालात, अहो तांबे, एवढे कशाला ताणता, खोका उघडून दाखवायला तुमचे काय जाते? अर्जदार तसाच उठून चालू पडला. घरी येऊन तो नंदावर ओरडला, मैत्रीवर ओरडला, जेवला नाही. मग नंदाने कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, त्यांनी विचारलंय ना, मग सांगा त्यांना.

तर ऐका. ॲनीने फोनवर सांगितले होते की त्याचे कपडे धुऊ नका. कामावरून येऊन त्याने जे शर्ट अंगातून काढून टांगले असतील ते तसेच पाठवा. नंदाला आधी समजलेच नाही. ती म्हणाली, अगं, मी स्वच्छ धुऊन, इस्त्री करून पाठवते. पलीकडून ॲनीचा हुंदका आला. मग नंदाला समजले आणि दोघी फोनवर रडत राहिल्या. फोनच्या बूथबाहेर रांग होती, रांगेतले लोक दोन पावले मागे सरकले.

पास्कलच्या दाराच्या मागे तीन शर्ट होते. घामाचे, ग्रीसचे, आणि शुक्रवारी तो जे उग्र अत्तर फासून यायचा आणि ज्यावरून आम्ही सगळे त्याची टिंगल करायचो, त्या अत्तराचे. नंदाने ते झटकलेसुद्धा नाहीत. त्याच्याच चादरीत गुंडाळून खोक्याच्या मध्यभागी ठेवले आणि सगळ्या फटींवर टेप मारली, एवढ्यासाठी की आतला वास आत राहावा. त्या बाईला नवरा भेटला तो बंद पेटीत, तिने त्याला धड पाहिलेही नाही. तिच्यापर्यंत पोचण्यासारखे आता तेवढेच उरले आहे. इथला उन्हाळा आपल्याला माहीत आहे. खोका उघडला की तो वास गेला. दोन मिनिटांत गेला आणि तो पुन्हा कोणाच्या बापाला भरता यायचा नाही. काय जाते असे आपण विचारलेत. हे जाते, वागळे साहेब.

मुंबईत सहार विमानतळावर कस्टमवाल्यांनी अडवले तर काय करायचे, हे नंदाने विचारून झाले आहे. अर्जदार त्यांचे पाय धरील, मशीनमधून घाला म्हणेल, दहादा घाला म्हणेल. पण ते परके लोक आहेत, त्यांना पास्कल माहीत नाही. आपल्याला माहीत होता. आपण त्याने थंड केलेल्या केबिनमध्ये बसून अर्जदाराला हे विचारलेत, याचा राग अर्जदाराच्या डोक्यातून अजून जात नाही आणि जाईल असे वाटतही नाही.

१२. सबब, अर्जदाराची मागणी अशी. फी कायद्याने थांबवता येते, नियम सातने थांबते, ती गेल्या वर्षीच थांबायला हवी होती. तिचा निकाल लावावा. पास्कलच्या हिशेबातून कापलेले ॲनीला परत पाठवावे. टीव्हीचे काय करायचे ते आपल्या मनाला विचारावे.

परंतु रिमोटचे बटण दाबूनही आपले समाधान होत नसेल, तर सोबत एक पाकीट आहे. त्यात दंड आहे आणि पुढच्या वर्षाची आगाऊ फीही आहे. वर्षभर इंग्रजीत आणि आता मराठीत भांडून झाल्यावर अर्जदार नसलेल्या टीव्हीची फी भरतो आहे. नियम तसे सांगतो म्हणून भरत नाही. गुरुवार जवळ आला आहे म्हणून भरतो आहे. पाकीट घ्या, खुशाल घ्या, पावतीवर टीव्ही लिहा, दोन टीव्ही लिहा, अर्जदार निमूटपणे सही करील. सुट्टीहून परत आला की तो पाचवा अर्ज करील आणि यातला एक एक बैसा, पै अन् पै, परत मागेल, ते वेगळे. पण दाखला आज द्या, पासपोर्ट आज द्या, आणि मुनीरला पुन्हा पाठवू नका.

खोका उघडला जाणार नाही. मस्कतमध्ये नाही, आपल्यासमोर नाही, कोणासमोरच नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर तो भुईगावच्या घरात ठेवला जाईल आणि सगळे बाहेर ओट्यावर जाऊन बसतील. गाठ ॲनी सोडील.

आपला,
आजवर नम्र राहिलेला,

(सही)
लहू गोविंद तांबे

अल हैल, मस्कत
दिनांक ६ जुलै १९९८

सोबत :
१. इंग्रजी अर्जांच्या प्रती, आपल्या शेऱ्यांसह.
२. टीव्हीचा रिमोट, चालू स्थितीत.
३. बंद पाकीट.

खोका सोबत जोडलेला नाही.